जीप: टोलेडो ते रांजणगाव, आणि मधल्या मालकांचे बरे-वाईट अनुभव

मौमीकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या टोलेडो गावातून आय-७५ हायवेने जाताना विटांचं एक उंच धुराडं लागतं. त्याच्या अंगावर विटांनीच वरून खाली अक्षरं काढली आहेत: ओव्हरलँड. खालचा कारखाना पाडला, धुराडं तेवढं ठेवलंय. तीन वर्षं मी रोज त्याच्यासमोरून कामाला जात होतो आणि ते कसलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते जीपच्या जुन्या कारखान्याचं आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी पुढच्या एक्झिटला उतरून गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ बघत बसलो.

कारण माझं लहानपण जीपमध्ये गेलंय. वडील पाटबंधारे खात्यात, कोयनेच्या खोऱ्यात बदली. खात्याची जीप ताडपत्रीच्या छताची. मागच्या आडव्या बाकांवर आम्ही तिघं भावंडं गुडघ्याला गुडघे लावून बसायचो. पावसात ताडपत्रीचा, ओल्या गोणपाटाचा आणि डिझेलचा मिळून एक वास यायचा, तो अजून नाकात आहे. चिखलात रुतली की ड्रायव्हरकाका फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढायचे, क्लच अलगद सोडायचे आणि ती म्हशीसारखी सावकाश वर यायची. तेव्हा 'जीप' हे कुणा कंपनीचं नाव आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. गाडी तीन प्रकारची असते, मोटार, ट्रक आणि जीप, असं आम्ही समजायचो.

आता थोडा इतिहास, कारण प्रश्न त्यातूनच आलाय.

१९४० चा उन्हाळा. युरोपात फ्रान्स पडला होता. अमेरिकेच्या लष्कराने १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली: चारही चाकांना ताकद जाईल अशी हलकी टेहळणीची गाडी, नमुना ४९ दिवसांत हजर करा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही जेमतेम तग धरून असलेली कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं आणि त्याने दोन-तीन दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबर १९४० ला मुदत संपायला अर्धा तास उरला असताना ती गाडी बाल्टिमोरच्या कॅम्प होलाबर्डमध्ये पोहोचली. लष्कराला गाडी पसंत पडली, पण एवढ्या लहान कंपनीच्याने हजारो गाड्या होणार नाहीत म्हणून तिचे नकाशे टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडला आणि फोर्डला दाखवले. विलिसकडे ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' इंजिन होतं आणि त्या इंजिनाने बाजी मारली. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप झाल्या. बँटमच्या वाट्याला २,७०० सुद्धा आल्या नाहीत. तिला नंतर जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवायचं काम मिळालं. मला हे वाचून मनापासून वाईट वाटलं.

पुढे ही गाडी घरोघर नांदली. १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये एएमसी, १९८७ मध्ये क्रायस्लर, १९९८ मध्ये डाइमलर, २००९ मध्ये फियाट, आणि २०२१ पासून स्टेलँटिस.

माझा प्रश्न असा. मला १९९९ ची जुनी चेरोकी घ्यायची आहे, तीच ती चौकोनी, ठोकळ्यासारखी. निम्मे मित्र म्हणतात, डोळे मिटून घे, मरत नाही. निम्मे म्हणतात, जीप म्हणजे दर महिन्याला गॅरेज. दोघंही खोटं बोलणारे नाहीत. मग खरं काय?

एक विनंती. स्वतःच्या बिघाडाची, फसवणुकीची हकिकत लिहिताना गाडीच्या कंपनीचं किंवा डीलरचं नाव नको, कारण दुसरी बाजू इथे बोलायला येत नाही. जे सरकारी नोंदीत आहे, जगजाहीर आहे, ते नावानिशी लिहा.

जुना_पाना

मौमीकाठी, वाचून बरं वाटलं. मी कोल्हापूरकडचा. चाळीस वर्षं गॅरेज केलं, आता मुलगा बघतो. अमेरिकेतली गाडी मी बघितलेली नाही, पण तिच्या आपल्याकडच्या बहिणीची हाडं न् हाडं उघडून बसवलेली आहेत.

स्वातंत्र्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत विलिसचे सुटे भाग बोटीनं मुंबईला यायचे आणि महिंद्रा माझगावात जोडणी करायची. पुढं ती गाडी पूर्ण इथंच व्हायला लागली. आपल्याकडं जी वर्षानुवर्षं चालली ती सीजे-३बी, १९५३ चं मॉडेल. तिचं बॉनेट असं डोकं वर काढल्यासारखं उंच का, हे पोरं विचारायची. नवीन इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, त्यामुळं इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून बॉनेटच उचललं. इतका सरळ विचार.

पेट्रोलवर ती फार प्यायची. आम्ही कितीतरी गाड्यांना डिझेल इंजिन बसवली. माऊंटिंग स्वतः कापून वेल्डिंग करायचं, बेलहाऊसिंगला पट्टी बनवायची. नंतर कंपनीच प्युजोचं डिझेल घालायला लागली आणि मग राधानगरी, गारगोटी, चंदगडकडं वडाप सुरू झालं. नऊ माणसांच्या गाडीत अठरा, टपावर भाजीची पोती, आणि मागं पायरीवर दोघं लटकलेले.

आता तुमचा प्रश्न. बिघडायची का? बिघडायची. पाटे तुटायचे, जॉइंटचा क्रॉस खडखडायचा, किंगपिन झिजून स्टेअरिंग वाजायचं, रेडिएटर गळायचा. पण काय बिघडलंय ते दिसायचं. हात लावला की कळायचं. पाट्याचं पान तुटलं तर गावचा लोहार दुसरं पान तापवून वळवून द्यायचा. क्रॉस बदलायला दोन पाने आणि एक हातोडी लागायची, आणि ड्रायव्हरच रस्त्यावर बदलायचा. वडाप सकाळी बंद पडलं तर दुपारच्या खेपेला परत लागायचं. आमच्याकडं त्यालाच भरवशाची गाडी म्हणत.

नोंदवही

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडतो. आठवणींचा भरवसा आणि मुलाबाळांना बसवायच्या गाडीचा भरवसा या वेगळ्या गोष्टी आहेत. मी इथे न्यू जर्सीत राहतो आणि गाडी घेण्याआधी नोंदी वाचतो. अमेरिकेत ग्राहकांच्या पाहण्यांमध्ये जीप अनेक वर्षं तळाकडच्या नावांत आहे. आणि नोंदी अशा:

इंधनाची टाकी. १९९३ ते २००४ च्या ग्रँड चेरोकी आणि २००२ ते २००७ च्या लिबर्टीत टाकी मागच्या आसाच्याही मागे, म्हणजे थेट मागच्या धडकेच्या वाटेत. २०१३ मध्ये सरकारी सुरक्षा संस्थेने २७ लाख गाड्या परत बोलवा म्हणून सांगितलं. क्रायस्लरने आधी नकार दिला, मग १५ लाख ६० हजार गाड्यांवर तडजोड झाली. उपाय काय, तर मागून ट्रेलर ओढायचा लोखंडी हिच बसवायचा, तेवढाच धडकेला आडवा येईल. लोक पेटलेल्या गाड्यांत गेले होते. मला तो उपाय अजून पटलेला नाही.

गिअरचा दांडा. २०१४-१५ च्या ग्रँड चेरोकीत दांडा ढकलला की परत मधोमध यायचा. गाडी पार्कमध्ये आहे, न्यूट्रलमध्ये आहे की रिव्हर्समध्ये, हे हाताला कळायचं नाही, फक्त दिव्याकडे बघून कळायचं. माणसं गाडी पार्कमध्ये आहे समजून उतरायची आणि गाडी घरंगळायची. २०१६ मध्ये जगभरातल्या ११ लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता स्वतःच्याच घराच्या उतारावर स्वतःच्या ग्रँड चेरोकीखाली सापडून गेला. यात तुटलं-फुटलं काहीच नव्हतं, कल्पनाच चुकीची होती. ऐंशी वर्षं जे काम हाताला अंधारात कळत होतं ते डोळ्यांकडे दिलं.

२०१५ मध्ये दोन संशोधकांनी मैलोन् मैल दूर बसून इंटरनेटवरून चालत्या चेरोकीचा ॲक्सिलरेटर निकामी करून दाखवला, १४ लाख गाड्या परत. २०११ ते १३ च्या पेंटास्टार व्ही-६ इंजिनांत डाव्या बाजूचं हेड खराब व्हायचं, त्याची हमी १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २०२३ पासून ४एक्सई या प्लग-इन गाड्यांच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्याने रिकॉल निघाले. मालकांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि घरापासून लांब लावा.

एवढं वाचल्यावर केवळ प्रेमापोटी घ्यावी असं मला म्हणवत नाही.

बर्फातली_वाट

मी मिशिगनमधून. माझ्याकडे १९९८ ची चेरोकी आहे, धागाकर्त्याला हवी आहे तीच पिढी. एका आजींकडून घेतली तेव्हा १ लाख १२ हजार मैल झाले होते, आज २ लाख ४१ हजार. इंजिन उघडलेलं नाही. दर ३,००० मैलांना ऑइल, दर दोन वर्षांनी कूलंट, आणि वर्षातून एकदा खाली आडवं पडून सगळ्या ग्रीस निपलना ग्रीस. हे मी स्वतः करते.

२०१४ च्या जानेवारीत इथे ध्रुवाकडची थंड हवा उतरली होती, उणे पंचवीस-सव्वीस सेल्सिअस. मी तेव्हा रात्रपाळीची नर्स. सकाळी पार्किंगमध्ये कितीतरी गाड्या नुसत्या टकटक करत होत्या. माझी दुसऱ्या फेरीला सुरू झाली. दोन सहकाऱ्यांना घरी सोडून मी नऊला घरी पोहोचले. त्या सकाळपासून मी तिला विकायचा विषय काढलेला नाही.

पण मौमीकाठी, इथल्या रस्त्यांवरचं मीठ इंजिनाला नाही, पत्र्याला खातं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची घडी करून केलेले दोन लांब चौकोनी नळ पुढून मागे जातात, तोच तिचा कणा. तो आतून गंजतो. बाहेरून रंग लख्ख असतो. गाडी बघायला जाल तेव्हा तिथे बघा, बॉनेट नंतर उघडा.

टाचणी

इतिहासात थोडी भर. लढाई चालू असतानाच विलिसने आपल्या जाहिरातींत जीप आम्हीच निर्माण केली असं लिहायला सुरुवात केली. प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेलं आणि १९४८ मध्ये निकाल लागला, की ही कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांबरोबर काम करून उभी केली, विलिसने एकट्याचा दावा करू नये. पण १९५० मध्ये 'जीप' हे नाव नोंदवून मिळालं ते विलिसलाच. बँटमला निकाल मिळाला, नाव मिळालं नाही. आणि जीपची ओळख म्हणून मिरवली जाणारी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली जाळी मुळात फोर्डची युक्ती आहे. विलिस आधी सळया जोडून जाळी करत होती. फोर्डच्या जाळीला नऊ फटी होत्या, युद्धानंतर विलिसने नागरी गाडीला सात ठेवल्या.

आता धागाकर्त्याच्या मूळ कोड्याकडे. दोन्ही मित्र खरं बोलतात, कारण ते एकाच गाडीबद्दल बोलत नाहीत. नोंदवहींची यादी पुन्हा वाचा. १९९९ ची चेरोकी त्या यादीत नाही, ग्रँड चेरोकी ही वेगळी गाडी. टाकी मात्र हिचीही मागच्या आसाच्या मागेच आहे, तेवढं ध्यानात ठेवा. नाव एक राहिलं, आणि आतलं यंत्र प्रत्येक मालकाने आपल्या घरातलं घातलं.

तुमच्या चेरोकीतलं ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन एएमसीचं. त्याचं मूळ १९६४ च्या इंजिनात आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ओतीव लोखंडाचं हेड, क्रँकला सात बेअरिंग, व्हॉल्व्ह ढकलायला सळया, टायमिंगला साखळी. १९८७ मध्ये चेरोकीत आलं, १९९१ मध्ये क्रायस्लरने इंजेक्शन सुधारून १९० अश्वशक्ती केली, २००६ ला रँग्लरमध्ये थांबलं. त्याच्यामागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर अमेरिकन नाहीच, जपानच्या आयसिन-वॉर्नरचा आहे. या जोडीमुळेच 'मरत नाही' ही ख्याती झाली.

आणि काकांसाठी एक गंमत. १९८७ ते ८९ च्या मॅन्युअल चेरोकीत रेनोच्या भागीदारीच्या काळातला प्युजोचा गिअरबॉक्स होता. जीपवाले आजही त्याला सगळ्यात कच्चा गिअरबॉक्स मानतात. त्याच प्युजोच्या डिझेल इंजिनाने तुमचं वडाप जगवलं.

जुना_पाना

हे मला ठाऊक नव्हतं. प्युजोचं इंजिन दगड होता दगड. वेळेवर तेल बदललं, फिल्टर झटकला तर इंजिन उघडायची वेळ यायला पाच-सहा वर्षं लागायची, ते पण वडापच्या वापरात.

पावसाळी_ढग

धाग्याचा नियम पाळून लिहिते. माझी गाडी अमेरिकन कंपनीची एसयूव्ही होती, कुठली ते लिहीत नाही. नवी घेतली होती, टेक्सासमध्ये. आठव्या महिन्यात हायवेवर सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी बंद पडली. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. मी कशीबशी कडेला घेतली, पण मागून येणारा ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

सर्व्हिस सेंटरला पाच वेळा नेली. दर वेळी एकच उत्तर, आमच्याकडे दोष दिसत नाही. संगणक जोडायचे, कोड पुसायचे, परत द्यायचे. तिसऱ्या वेळी मला विचारलं, तुम्हीच चुकून बटण दाबलं नाही ना? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. तो प्रश्न मी विसरलेले नाही.

शेवटी एका मेक्सिकन मेकॅनिकने सापडवलं. बॅटरीखालून बॉडीला जाणारी अर्थची वायर. नटाखाली रंग राहिला होता, धातूला धातू नीट टेकत नव्हता. त्याने कानस मारून जागा साफ केली, नट कसला, ४० डॉलर घेतले. त्यानंतर तीन वर्षं गाडी एकदाही बंद पडली नाही. पण माझ्या मनातून उतरली होती, मी विकली.

काका म्हणतात, बिघाड दिसायचा. माझ्या गाडीतला बिघाडही दिसण्यासारखाच होता. एका नटाखाली होता. पाच वेळा कुणी खाली वाकून बघितलं नाही.

मौमीकाठी

ताई, हे वाचून सुन्न झालो. मुलगी आता बरी आहे ना? तिला गाडीची भीती बसली नाही ना?

पावसाळी_ढग

हो, आता नऊ वर्षांची आहे. तिला काही आठवत नाही. मला आठवतं.

सिंहगड_रोड

पुण्याहून लिहितोय. माझ्याकडे २०२१ ची कंपास आहे, दोन लिटर डिझेल, मॅन्युअल. ही गाडी रांजणगावला बनते, महागणपतीच्या दर्शनाला जाताना त्या एमआयडीसीवरूनच जातो. २०१७ मध्ये ३१ जुलैला ती १४ लाख ९५ हजारांपासून बाजारात आली तेव्हा लोकांना किंमत खरी वाटेना. टोलेडोचं नाव घेऊन आलेली गाडी फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, शिरूर तालुक्यात तयार होऊन, उजव्या स्टेअरिंगच्या देशांत, ऑस्ट्रेलियापासून इंग्लंडपर्यंत गेली. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

माझा अनुभव चांगला आहे. ७४,००० किलोमीटर झाले. वरंध घाट, आंबोली, दोनदा हंपी, एकदा स्पिती. दार बंद केल्यावरचा आवाज ऐकावा असा. ताशी शंभराला रस्त्याला चिकटून असते. आई पाठीच्या दुखण्याची, ती म्हणते या गाडीत झोप लागते.

बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांना एक सांगतो, हे कुठल्याही कंपनीच्या डिझेलला लागू आहे. धुराड्यात काजळी पकडणारा डीपीएफ असतो. काजळी साठली की इंजिन तो तापवून जाळून टाकतं, पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी पळावी लागते. लॉकडाउननंतर मी वर्षभर घर ते स्वारगेट, स्वारगेट ते घर एवढीच चालवली. डीपीएफचा दिवा लागला. चूक माझ्या वापराची होती. सोलापूर रोडला यवतपर्यंत चौथ्या गिअरमध्ये नेऊन आणली, दिवा गेला. आता दर पंधरवड्याला मुद्दाम नेतो. ज्याची रोजची फेरी पाच-सात किलोमीटर आहे त्याने डिझेल घेऊच नये, माझं हे ठाम मत आहे.

डोंगरवाट

कोलोराडोहून. माझी २००५ ची रँग्लर. तिच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात सगळा दोष माझा आहे, म्हणून नाव घेतो.

जीपच्या जगात 'डेथ वॉबल' म्हणून शब्द आहे. ताशी पन्नास-पंचावन्न मैलांना एखाद्या खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेलात की पुढची चाकं डावी-उजवी इतकी थडथडायला लागतात की स्टेअरिंग हातात धरवत नाही. वेग पार उतरेपर्यंत ते थांबत नाही. पुढचा आस अखंड असल्याने एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जातो, आणि आसाला मध्यावर धरून ठेवणाऱ्या ट्रॅक बारचे बुश किंवा बोल्ट सैल असले की तो धक्का वाढतच जातो.

मी स्वस्तातली लिफ्ट किट आणून साडेतीन इंच उंची वाढवली, ३३ इंची टायर लावले, आणि ट्रॅक बारला हात लावला नाही, कारण तो पैसा वाचवायचा होता. मोॲबला जाताना, मुलगा शेजारी असताना, ते झालं. सुदैवाने मागे कुणी नव्हतं. दोघंही कितीतरी वेळ गाडीत तसेच बसून होतो. परत येऊन पहिलं काम ट्रॅक बार, बॉल जॉइंट आणि टायरॉडची टोकं बदलली, उंची दोन इंचांवर आणली. पंधरा वर्षं झाली, पुन्हा कधी नाही.

जुनी रँग्लर किंवा चेरोकी उंच केलेली असेल तर विकणाऱ्याला विचारा, नुसते स्प्रिंग बदलले की बाकीचंही. त्याला उत्तर देता आलं नाही तर परत या.

नोंदवही

टाचणी, तुमचा मुद्दा मान्य करतो. मी सगळ्या पिढ्यांना एकाच माळेत ओवलं होतं. पण एक आग्रह राहतो. १९९९ च्या चेरोकीत समोर दोन एअरबॅग, बाजूला एकही नाही, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी नाही, आणि मुलं मागे बसणार. मौमीकाठी, शनिवार-रविवारची गाडी म्हणून जरूर घ्या. मुलांना शाळेत सोडायची रोजची गाडी म्हणून घेऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.

मौमीकाठी

मान्य. रोजची गाडी दुसरी आहे, ती राहील. ही वडिलांसाठी आहे असं समजा. ते ऑक्टोबरमध्ये येतायत, त्यांना टोलेडोचं धुराडं त्याच गाडीतून दाखवायचंय. आता बघताना काय काय बघू ते सांगा, पुढच्या शनिवारी एक बघायला जातोय.

बर्फातली_वाट

टॉर्च आणि जाड पेचकस घेऊन जा. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलायला सांगा, खालचा पत्रा बघा. मग गाडीखाली आडवे पडून ते दोन नळ पुढपासून मागच्या चाकापर्यंत पेचकसाने ठोकत या. ठण् आवाज आला तर चांगलं. धप् आवाज आला तर तिथे दाबा. मागच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बॉडीला अडकतात ती जागा विसरू नका.

टाचणी

१९९९ ची घेताय ते बरं. २००० आणि २००१ च्या ४.० इंजिनांवर ०३३१ क्रमांकाचं ओतकाम असलेलं हेड आहे, ते तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये चिरतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. तरीही तेलाचं झाकण काढून खाली दुधाच्या सायीसारखं काही दिसतंय का बघाच. मागून ऑइल गळतंय म्हणून विकणारा क्रँकचं मागचं सील सांगेल. खूपदा ते वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ओघळून तिथे आलेलं असतं. आणि या वयाच्या गाड्यांत क्रँकचा सेन्सर थकला की इंजिन गरम झाल्यावर बंद पडतं, थंड झाल्यावर मुकाट सुरू होतं. लोक घाबरून गाडी विकतात. तो भाग स्वस्त आहे, फक्त हात पोहोचायला त्रास होतो. त्यामुळे तासभर चालवून बघितल्याशिवाय किंमत बोलू नका.

जुना_पाना

आणि इंजिन गार असताना सुरू करून बघ. तू पोचायच्या आधी मालकानं गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवून कळेल. तसं असलं तर चहा प्यायला जा, दोन तासांनी ये.

मौमीकाठी

शनिवारी जाऊन आलो. गाडी वरून सुंदर, गर्द हिरवी, आतला प्रत्येक कागद जपून ठेवलेला. मालक ऐंशीच्या घरातले. इंजिन थंड होतं, पहिल्याच फेरीला लागलं आणि शिवणयंत्रासारखं चालत राहिलं. मग मी खाली गेलो. उजव्या बाजूला ठण् ठण्. डाव्या बाजूला ड्रायव्हरच्या सीटखाली धप्. दाबला तर पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

मला वर येऊन सांगायला जड जात होतं. म्हातारबाबांनी विचारलं, किती आत गेला? मी बोटांनी दाखवलं. ते स्वतः गुडघ्यावर बसले, टॉर्च धरला, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मी त्या जुन्या कारखान्यात होतो, या गाडीचे दरवाजे आमच्या लाइनवर बसायचे. हा दरवाजा माझ्या पाळीतला असेल किंवा नसेलही. मी त्यांना कोयनेच्या जीपबद्दल सांगितलं. पैशांचं बोलणं झालंच नाही. निघताना त्यांनी मला त्या गाडीचं जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल दिलं, पानांवर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे आहेत.

आता दुसरी सापडली आहे, टेनेसीत, नॉक्सव्हिलजवळ. तिकडे मीठ कमी पडतं. येत्या शनिवारी जातोय. जुना_पाना काका, तिथून तुम्हाला व्हिडिओ कॉल करू का? माझे सकाळचे आठ म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेपाच.

जुना_पाना

कर की. मी गॅरेजमध्येच असेन. पण फोन आधी लाव आणि मग किल्ली फिरव. पहिला आवाज मला ऐकायचाय.